शोलिंक पुन्हा पुन्हा तुटते: आवाज ठीक येतो, पण ट्रान्समीटर रिमोटने ऐकत नाही

लक्षण ओळखीचे आहे. रिसीव्हरवर आवाजाचे मीटर हलत असते, आरएफच्या (रेडिओ सिग्नलच्या) पट्ट्या भरलेल्या असतात, माइकचा आवाज स्वच्छ येत असतो. फक्त शोलिंकचे, म्हणजे ट्रान्समीटर दुरून हाताळणाऱ्या वायरलेस दुव्याचे, चिन्ह विझलेले असते आणि रॅकवरून किंवा वायरलेस वर्कबेंचमधून (संगणकावरचे नियंत्रण सॉफ्टवेअर) दिलेला हुकूम पॅकपर्यंत (अंगावर बांधायचा ट्रान्समीटर) पोहोचत नाही. रीस्टार्ट केले की थोडा वेळ चालते, मग पुन्हा तेच. शुअर कंपनीच्या ॲक्झिएंट डिजिटल या वायरलेस माइक प्रणालीवर एडीएक्स मालिकेतले ट्रान्समीटर आणि एडी६१० ॲक्सेस पॉइंट वापरणाऱ्यांकडून ही तक्रार सारखी येते. कारण शोधताना बहुतेक वेळ भलतीकडेच जातो, म्हणून क्रमाने घेऊ.

आधी हे पक्के समजून घ्या

ट्रान्समीटरमध्ये दोन वेगळे रेडिओ असतात. आवाज यूएचएफवर जातो, थेट रिसीव्हरकडे. हुकूम २.४ गिगाहर्ट्झवर, ॲक्सेस पॉइंटमार्फत येतात. त्यासाठी आयईईई ८०२.१५.४ हे मानक वापरले जाते, ज्यावर झिगबीही चालते. दोन्हींचे अँटेना वेगळे, अडथळे वेगळे, पल्ला वेगळा. शोलिंक गेली म्हणून यूएचएफचे अँटेना हलवणे, नवे को-ऑर्डिनेशन (कोणत्या माइकला कोणती फ्रिक्वेन्सी याची आखणी) काढणे, केबल बदलणे यातून काहीही साधत नाही. उलट चालू असलेला आवाज धोक्यात येतो.

याच कारणाने कार्यक्रम चालू असताना लिंक तुटली तर पहिला नियम: रिसीव्हरवर फ्रिक्वेन्सी बदलू नका. लिंक जिवंत असते तेव्हा रिसीव्हर बदलला की ट्रान्समीटर त्याच्या मागोमाग जातो. लिंक मेलेली असते तेव्हा रिसीव्हर एकटाच नव्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसतो, पॅक जुन्याच जागी प्रसारण करत राहतो आणि त्या चॅनेलचा आवाज बंद पडतो. चुकून असे झालेच तर पॅककडे धावू नका, रिसीव्हर जुन्या फ्रिक्वेन्सीवर परत आणा. त्यासाठी सगळ्या चॅनेलच्या चालू फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून रॅकला चिकटवलेल्या असल्या पाहिजेत. संगणकातली फाइल त्या घाईत उघडत बसायला वेळ नसतो.

किती गेले आणि कधी गेले, ते पाहा

दुरुस्तीला हात लावण्याआधी हे नीट पाहिले तर निम्मे काम तिथेच होते.

सगळ्या पॅकची लिंक एकदम गेली असेल तर दोष ॲक्सेस पॉइंट, त्याची वीज किंवा नेटवर्कमध्ये आहे. एकाच पॅकची गेली असेल तर सिंक (पॅक आणि रिसीव्हरची जोडणी) तपासा, नाहीतर तो पॅक अंगावर कसा बांधला आहे ते बघा. रंगमंचाच्या ठरावीक कोपऱ्यात गेल्यावरच जाते म्हणजे कव्हरेज अपुरे आहे. तालमीत चालले आणि प्रेक्षक बसल्यावर गेले म्हणजे २.४ गिगाहर्ट्झमधली गर्दी. दर वेळी साधारण चारेक मिनिटांनी जाते म्हणजे जवळजवळ नक्कीच नेटवर्क स्विचची सेटिंग. त्यावर खाली सविस्तर आहे.

आणखी एक गोष्ट तपासा. वर्कबेंचमध्ये सगळे ऑफलाइन दिसते, पण रिसीव्हरच्या पडद्यावर शोलिंकचे चिन्ह पेटलेले आहे का? रिसीव्हर आणि ॲक्सेस पॉइंट एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये संगणक लागत नाही. चिन्ह पेटलेले असेल तर लिंक शाबूत आहे, गडबड फक्त संगणकाची आहे. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि केबल दोन्ही चालू असतील तर वर्कबेंचला योग्य नेटवर्क कार्ड निवडून द्या. व्हीपीएन बंद करा. विंडोजने ते नेटवर्क ‘पब्लिक’ ठरवले असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर फायरवॉल वाट अडवते.

ट्रान्समीटर आणि सिंक

एडी१ आणि एडी२ या साध्या मॉडेलमध्ये शोलिंकचा रेडिओच नाही. एडीएक्स१, एडीएक्स१एम, एडीएक्स२, एडीएक्स२एफडी, एडीएक्स३ यांच्यात आहे. भाड्याने आलेल्या पेटीत दोन्ही मालिका मिसळलेल्या असतात आणि दिसायला सारख्याच वाटतात. ‘एकाच माइकला लिंक मिळत नाही’ या तक्रारीत कित्येकदा एवढेच निघते.

लिंक जोडली जाते ती इन्फ्रारेड सिंकच्या वेळी. पॅकचे दार उघडून त्याची इन्फ्रारेड खिडकी रिसीव्हरच्या खिडकीसमोर जवळ धरा. समोरासमोर आल्यावर रिसीव्हरचा लाल दिवा पेटतो. तो पेटेपर्यंत पॅक थोडा वरखाली सरकवा आणि मगच सिंकचे बटण दाबा. काम पुरे झाल्याचा संदेश येईपर्यंत हात स्थिर ठेवा. खिडकीवर टेपचा गोंद किंवा वाळलेल्या घामाचा थर असेल तर सिंक अर्धवट राहते. कोरड्या मऊ फडक्याने आधी पुसून घ्या. सिंकच्या वेळी ॲक्सेस पॉइंट नेटवर्कवर चालू असलाच पाहिजे. नाहीतर फ्रिक्वेन्सी पॅकमध्ये उतरते, आवाज येतो, सगळे ठीक वाटते. पण शोलिंकचे चिन्ह काही पेटत नाही.

सिंक नंतर का मोडते? सुटा हँडहेल्ड कोणीतरी घाईत दुसऱ्या चॅनेलला सिंक करतो आणि पहिल्याशी असलेले त्याचे नाते संपते. रिसीव्हर फॅक्टरी रीसेट होतो. एन्क्रिप्शन सुरू किंवा बंद केले जाते आणि सगळे पॅक पुन्हा सिंक करावे लागतात. शेवटचे कारण आवाजही घेऊन जाते, त्यामुळे ते लगेच कळते. पहिली दोन लपून राहतात.

फर्मवेअरचेही तसेच. आवृत्तीच्या आकड्यातले पहिले दोन अंक सगळ्या यंत्रांवर एकच हवेत. रिसीव्हर अद्ययावत केले आणि ॲक्सेस पॉइंट तसाच ठेवला, किंवा वर्षभर कपाटात पडलेले दोन पॅक विसरले, तर लिंक येते-जाते. शुअरच्या अपडेट युटिलिटीतून सगळे एका बैठकीत, कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी करा. अपडेटनंतर प्रत्येक पॅक पुन्हा सिंक करून घ्या.

नेटवर्क

रिसीव्हर आणि ॲक्सेस पॉइंट एकाच सबनेटमध्ये हवेत. डीएचसीपी (आपोआप नेटवर्क पत्ते वाटणारी सेवा) देणारा राउटर नसेल तर यंत्रे स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतात, मास्क २५५.२५५.०.०. सगळ्यांनीच तसे घेतले तर छान चालते. बिघडते ते मधेच कोणी टॅबलेटसाठी राउटर जोडतो तेव्हा. नंतर चालू झालेल्या यंत्रांना १९२.१६८ चे पत्ते मिळतात, आधीची १६९.२५४ वर राहतात आणि दोन तट पडतात. कायमच्या रॅकला पत्ते हाताने द्या: रिसीव्हरना १९२.१६८.१०.११ पासून पुढे, ॲक्सेस पॉइंटला १९२.१६८.१०.५१, लॅपटॉपला १९२.१६८.१०.१००, सगळ्यांचा मास्क २५५.२५५.२५५.०. राउटर ठेवायचाच असेल तर त्याची डीएचसीपी मर्यादा १५० च्या पुढे ठेवा.

एडी४डी आणि एडी४क्यू या रिसीव्हरच्या पाठीमागे कंट्रोल आणि दान्ते (नेटवर्कवरून ऑडिओ नेण्याची पद्धत) यांचे पोर्ट वेगळे आहेत. नेटवर्क मोड ‘स्विच्ड’ असेल तर कुठल्याही पोर्टला लावले तरी चालते. दान्ते वेगळे किंवा दुहेरी ठेवण्याचा मोड निवडला की शुअर कंट्रोल फक्त कंट्रोलच्या पोर्टवर मिळते. आधीच्या कार्यक्रमात कोणी मोड बदलून ठेवला असेल, तर केबल लावलेली, दिवा लुकलुकतोय आणि तरी काहीच सापडत नाही, अशी अवस्था होते.

आता ती चार मिनिटांची गोष्ट. शुअरची यंत्रे एकमेकांना शोधतात ती मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेल्या संदेशाने: पत्ता २३९.२५५.२५४.२५३, यूडीपी पोर्ट ८४२७. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू असते तेव्हा तो स्विच ‘हा मल्टिकास्ट कोणाला हवा आहे’ याची यादी ठेवतो. ही यादी ताजी ठेवण्यासाठी नेटवर्कवर कोणीतरी ठरावीक वेळाने विचारणा करावी लागते. त्याला क्वेरियर म्हणतात. क्वेरियर नसेल तर यादीतली नावे मुदत संपल्यावर गळतात. ठरीव सेटिंगमध्ये विचारणा १२५ सेकंदांनी होते आणि मुदत असते २६० सेकंद, म्हणजे चार मिनिटे वीस सेकंद. तेवढ्या वेळाने यंत्रे एकमेकांना दिसेनाशी होतात. रीस्टार्ट केले की प्रत्येक जण नव्याने नाव नोंदवतो आणि पुन्हा चार मिनिटे बरे चालते. रीस्टार्टने बरे वाटते म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे सापडत नाही.

उपाय सोपा आहे. नेटवर्कमधल्या कोणत्याही एका, शक्यतो मधल्या, स्विचवर आयजीएमपी क्वेरियर चालू करा. केवळ कंट्रोलसाठी वेगळा छोटा स्विच असेल तर स्नूपिंग सरळ बंद केले तरी चालते. पण त्याच स्विचवर दान्तेचा मल्टिकास्ट जात असेल तर स्नूपिंग बंद करू नका, नाहीतर सगळा ऑडिओ प्रत्येक पोर्टवर ओतला जाईल आणि १०० मेगाबिटचे पोर्ट गुदमरतील. तिथे क्वेरियर हाच मार्ग. ‘ग्रीन इथरनेट’ किंवा वीज वाचवणारी सेटिंगही बंद ठेवा.

विजेचे दोन दोष वारंवार सापडतात. ॲक्सेस पॉइंटला केबलवरून वीज देताना स्विच ८०२.३एएफ मानकाचा हवा. सीसीटीव्ही आणि वायफायवाले वापरतात ते २४ व्होल्टचे साधे इंजेक्टर या कामाचे नाहीत. दुसरा दोष: स्विचची एकूण वॅटची मर्यादा संपते. एका पोर्टला १५.४ वॅट मिळतात हे खरे, पण आठही पोर्टना एकदम तेवढे देण्याची ताकद स्वस्त स्विचमध्ये नसते. इंटरकॉमची बेस स्टेशने चालू झाली की ॲक्सेस पॉइंट बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि सगळ्या लिंक एकदम जातात. मोकळ्या मैदानावर जनरेटर बदलतानाही हेच होते. रिसीव्हर काही सेकंदांत उठतात, मॅनेज्ड स्विचला मिनिट-दोन मिनिटे लागतात. स्विच यूपीएसवर घ्या.

२.४ गिगाहर्ट्झची गर्दी

आतापर्यंतचे सगळे नीट असूनही प्रेक्षक आल्यावर लिंक जात असेल तर प्रश्न हवेतला आहे. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय खुला आहे, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस डीएमएक्स (रंगमंचाच्या दिव्यांचे नियंत्रण), कॅमेऱ्याचा वायरलेस फोकस, काही इंटरकॉम, सगळे इथेच आहेत. उपाहारगृहातला मायक्रोवेव्हही २४५० च्या आसपास घुसमट करतो.

ॲक्सेस पॉइंटला १६ चॅनेल आहेत, ११ ते २६. ११ व्याचा मध्य २४०५ मेगाहर्ट्झ, पुढचा प्रत्येक ५ मेगाहर्ट्झ वर, २६ वा २४८० वर. एक चॅनेल जेमतेम २ मेगाहर्ट्झ रुंद. वायफायचे चॅनेल २० मेगाहर्ट्झ रुंद असतात: १ ला २४०२ ते २४२२, ६ वा २४२७ ते २४४७, ११ वा २४५२ ते २४७२. या तिघांच्या फटीत मोकळी जागा उरते. २४२५ म्हणजे चॅनेल १५, २४५० म्हणजे चॅनेल २०, आणि वरच्या टोकाला २४७५ व २४८० म्हणजे २५ आणि २६. म्हणून हाताने निवडायचे असेल तर १५, २०, २५, २६ हेच आधी तपासा.

एक अट आहे. आपल्याकडे राउटरना १२ आणि १३ हे वायफाय चॅनेलही चालतात. शेजारच्या सभागृहाचा राउटर १३ वर असेल तर तो २४६२ ते २४८२ व्यापतो, आणि मग २५ व २६ दोन्ही बुडतात. तिथे १५ किंवा २० बरे. ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर टाकलेला राउटर तर निम्मा पट्टा गिळतो. कोणता राउटर कुठे आहे हे अँड्रॉइड फोनवरच्या कोणत्याही वायफाय ॲनालायझरमध्ये दिसते. ते रिकाम्या हॉलमध्ये पाहून उपयोग नाही, प्रेक्षक आत येताना पाहा.

ॲक्सेस पॉइंट ‘ऑटो’वर ठेवला तर तो स्वतः चॅनेल निवडतो. छोट्या कामाला ते पुरते. पण तो ऐकतो ते त्याच्या स्वतःच्या जागेवरून. दुसऱ्या टोकाच्या विंगेत उभ्या नटाच्या पॅकला जवळच्या राउटरचा जो त्रास होतो, तो ॲक्सेस पॉइंटला ऐकूच येत नाही. मोठ्या सभागृहात म्हणूनच मॅन्युअल भरवशाचे.

आपल्या हातातली गर्दी आधी कमी करा. कन्सोलच्या टॅबलेटचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि त्याचा २.४ बंद करा. लाइटवाल्यांशी आणि कॅमेऱ्यावाल्यांशी बोलून कोण कुठल्या चॅनेलवर आहे ते लिहून घ्या. बॅकस्टेजचे हॉटस्पॉट बंद करायला सांगा. आयफोनच्या हॉटस्पॉटमधला ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय चालू असेल तर तो २.४ वर येतो. हॉटस्पॉट लागणारच असेल तर निदान तो पर्याय बंद करा.

ॲक्सेस पॉइंट कुठे लावायचा

रॅकच्या आत नाही, हे आधी. लोखंडी रॅकमध्ये ठेवलेला ॲक्सेस पॉइंट टेबलावर चाचणीला झकास चालतो आणि रंगमंचावर फसतो. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण १२.५ सेंटिमीटर. माणसाच्या शरीरातले पाणी ही लहर चांगलीच शोषते, यूएचएफपेक्षा जास्त. त्यामुळे तो डोक्यांच्या वर, अडीच ते तीन मीटर उंचीवर हवा आणि तिथून नट दिसायला हवेत. ट्रसवर लावताना पाइपला चिकटवू नका, ३० सेंटिमीटर तरी खाली सोडा. एलईडी वॉलच्या मागे लावू नका. वायफाय राउटरपासून किमान दोन मीटर लांब. उंची महत्त्वाची, केबलची लांबी नाही: कॅट५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा योग्य जागेसाठी केबल वाढवायला कचरू नका.

एक एडी६१० जास्तीत जास्त २४ ट्रान्समीटर सांभाळतो. पण आकड्यापेक्षा जागेचा विचार आधी करा. आठच पॅक असले तरी रंगमंच आणि तळमजल्यावरची रंगपटाची खोली दोन्हीकडे लिंक हवी असेल तर दोन ॲक्सेस पॉइंट लागतात. त्यांची क्षेत्रे थोडी एकमेकांवर येतील असे लावा आणि चॅनेल वेगळे ठेवा.

पॅक अंगावर कसा बांधला आहे यानेही मोठा फरक पडतो. यूएचएफची अँटेना बाहेर लोंबते, पण २.४ ची पॅकच्या आतच असते. म्हणून आवाज ठणठणीत राहून लिंक जाते. नऊवारीत पॅक कमरेला मागे बांधतात आणि वरून धातूचा कमरपट्टा येतो. पट्टा नेमका पॅकवर आला तर नटीची पाठ ॲक्सेस पॉइंटकडे झाल्यावरच पॅक ऐकतो, नाहीतर तेही नाही. पॅक पट्ट्याच्या वर चार बोटे सरकवा किंवा मांडीला बांधा. ऐतिहासिक नाटकातल्या चिलखताच्या बाबतीतही हेच.

मग चालून चाचणी. ट्रान्समीटरच्या मेन्यूत शोलिंकची चाचणी आहे. त्यात पातळी पट्ट्यांनी दिसते. पॅक हातात धरून चालू नका, खऱ्या जागी, खऱ्या पोशाखाखाली बांधून चाला. दोन्ही विंगा, मागचा पडदा, प्रेक्षकांतून येणारी एंट्री असेल तर तीही वाट, प्रत्येक ठिकाणी थांबून पाठ फिरवून पाहा. जिथे पट्ट्या निम्म्याच्या खाली जातात तिथे भरलेल्या सभागृहात लिंक जाणार असे धरा.

ॲक्सेस पॉइंट नसलेल्या कामांसाठी

चित्रीकरणाच्या जागी लेक्ट्रोसॉनिक्सचे ट्रान्समीटर वापरतात तिथे पद्धत वेगळी आहे. फोनवरच्या लेक्ट्रोआरएम ॲपमधून विशिष्ट सूर वाजवायचे आणि पॅक ते स्वतःच्या माइकमधून ऐकून गेन, फ्रिक्वेन्सी, लॉक किंवा स्लीप बदलतो. इथे वायफायचा काही संबंध नाही, म्हणून दोषही वेगळे.

सूर वाजतो पण पॅक ढिम्म? आधी पॅकच्या मेन्यूत रिमोट चालू आहे का ते पाहा. तो बंद असेल तर कितीही वाजवा, उपयोग शून्य. मग फोनचा आवाज पूर्ण करा, ब्लूटूथ तोडा (नाहीतर सूर हेडफोनमध्येच वाजतो), जाड कव्हर काढा आणि फोनचा स्पीकर लेपल माइकच्या अगदी जवळ न्या, पॅकच्या जवळ नव्हे. तीन पदरी कपड्याखालच्या माइकला बाहेरून वाजवलेला सूर अनेकदा नीट पोहोचत नाही. गोंगाटातही चुकतो, युनिटला मिनिटभर शांत राहायला सांगा.

ही वाट एकतर्फी आहे. ॲपला काही उत्तर येत नाही, त्यामुळे बदल झाला की नाही ते रिसीव्हरवर किंवा पॅकच्या दिव्यावरच पाहायचे. स्लीपमधला पॅक या सुरांनी जागा होतो, पण स्विचने बंद केलेला नाही. सूर वाजवण्याआधी तो ट्रॅक आणि हेडफोन बंद करा. आणि जवळपासचे प्रत्येक चालू पॅक तोच सूर ऐकतो हे ध्यानात ठेवा: दोन नट खेटून बसले असतील तर एकाची फ्रिक्वेन्सी बदलताना दुसऱ्याचीही बदलते आणि दोघे एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात. दुसऱ्याला दहा पावले लांब पाठवा. सभागृहात माइक स्पीकरला जोडलेला असेल तर चॅनेल म्यूट केल्याशिवाय ॲप उघडूच नका. सूर स्पीकरमधून घुमला की रंगमंचावरचा प्रत्येक पॅक तो हुकूम पाळतो.